खेळाचे जग कंटेनरमध्ये : मुलांचा सर्व्हर घरी चालवताना

मे महिन्याच्या सुट्टीत फोंड्यातील एक, म्हापशातील दोन, मडगावातील एक आणि सावंतवाडीला आजोळी गेलेला एक अशी पाच मुले रोज दुपारी एकाच गावात भेटत होती. ते गाव नकाशावर सापडत नाही. ‘माइनक्राफ्ट’ या खेळात त्यांनी ते ठोकळ्यावर ठोकळा रचून वसविले होते. त्यात बेतीसारखा फेरीबोटीचा धक्का होता, पाटाच्या पाण्यासह एक कुळागर होते आणि मंगेशीच्या देवळासमोरील सात मजली दीपस्तंभाची मोजूनमापून चाललेली नक्कल होती. अडचण एवढीच, की हे गाव फोंड्यातील मुलाच्या लॅपटॉपवर होते. तो जेवायला उठला आणि लॅपटॉप मिटला, की गावही मिटत असे. उरलेले चौघे दीपस्तंभाच्या अर्ध्या चढावावरून थेट बाहेर फेकले जात.

मुलांनी मग सर्व्हर मागितला. फोंड्याचा मुलगा माझा भाचा. घरातला ‘कम्प्युटरमधले कळणारा माणूस’ म्हणून ते काम माझ्याकडे आले. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेल्या उपसंपादकाला हा मान कसा मिळाला, ते घरच्यांनाच ठाऊक. तथापि काम अंगावर घेतले, ते पुरे करताना एक मोठी चूक केली, आणि त्या चुकीमुळे या विषयाचा थोडा अभ्यास घडला. सुट्टी जवळ आली की अनेक घरांत हीच मागणी होते, म्हणून तो येथे मांडीत आहे.

सर्व्हर म्हणजे नेमके काय?

अनेकजण मिळून खेळावयाच्या खेळात प्रत्येकाच्या यंत्रावरील प्रोग्राम दोनच कामे करतो : चित्र दाखवितो आणि खेळाडूने काय केले ते कळवितो. खरोखर काय घडले, याचा निवाडा दुसरीकडे होतो. दोघांनी एकाच क्षणी एकच ठोकळा फोडला तर तो कोणाच्या झोळीत गेला, हे ठरविणारा पंच म्हणजे सर्व्हर. जगाची वहीही त्याच्याकडेच असते.

माइनक्राफ्टचा पंच दर सेकंदाला २० वेळा डोळे उघडतो. म्हणजे ५० मिलिसेकंदांत त्याला सगळ्यांचे निरोप वाचायचे असतात, पाणी पुढे सरकवायचे असते, गुरे हलवायची असतात, पिके वाढवायची असतात आणि निकाल परत पाठवायचा असतो. हे ५० मिलिसेकंदांत आटोपले नाही तर खेळातील काळच मंदावतो आणि सर्व्हरच्या नोंदवहीत ‘कान्ट कीप अप’ अशी तक्रार उमटू लागते. यातील मुख्य काम बहुतांशी एकाच धाग्यात, एकापाठोपाठ एक असे चालते. त्यामुळे प्रोसेसरचे गाभे किती, यापेक्षा एक गाभा किती वेगवान, याला येथे अधिक महत्त्व आहे. जुन्या सोळा गाभ्यांच्या यंत्रापेक्षा नवे चार गाभ्यांचे यंत्र मुलांना अधिक सुखाचे वाटते ते यामुळे.

अंतराचेही तसेच. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पणजी ते मुंबई हे रस्त्याने साधारण सहाशे किलोमीटरचे अंतर; जाऊन येण्यास किमान ६ मिलिसेकंद. तोच सर्व्हर जर्मनीत फ्रँकफर्टला ठेवला, तर सरळ रेषेतही साडेसहा हजार किलोमीटरहून अधिक अंतर पडते आणि ये-जा करण्यातच किमान ६५ मिलिसेकंद जातात. प्रत्यक्षात तारा सरळ जात नाहीत, म्हणून हा आकडा आणखी वाढतो. घरबांधणीच्या खेळात हे चालून जाते. नेमबाजीच्या खेळात मात्र याच फरकावर मुले हरतात आणि भांडतात.

मूर्ती आणि साचा

आता कंटेनर मध्ये का आणावा? सर्व्हरचा प्रोग्राम संकेतस्थळावरून उतरवून घरच्या संगणकावर सरळ सुरू करता येतो. मीही आधी तेच केले. दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या मुलांनी जुन्या आवृत्तीचा, वेगळ्या जोडण्या घातलेला आणखी एक सर्व्हर मागितला. हा खेळ जावा भाषेवर चालतो आणि आवृत्तीप्रमाणे त्याला जावाही वेगवेगळी लागते : १.१६ पर्यंत जावा ८ चालत असे, १.१७ ला १६, १.१८ ला १७, आणि १.२०.५ पासून २१. एकाच संगणकावर दोन-तीन जावा सुखाने नांदविणे शक्य असते. पण ज्या संगणकावर घरचे हिशेब, आईच्या औषधांची बिले आणि कार्यालयाचे काम आहे, त्यावर ही सर्कस कोणी मांडावी?

कंटेनर हे नाव बंदरातून आलेले आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ एकसारख्या पेट्या घेऊन न्यूआर्कहून ह्यूस्टनकडे प्रस्थान ठेवले, तेथून मालवाहतुकीचे स्वरूप पालटले. पेटीत काजू आहेत की यंत्रे, याच्याशी क्रेन चालविणाऱ्याला कर्तव्य उरले नाही. ज्या मुरगाव बंदरात गोमंतकीयांच्या कित्येक पिढ्यांनी काम केले, तेथे ही गोष्ट समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. संगणकातील कंटेनरही असाच : प्रोग्राम, त्याला लागणारी जावा, इतर फाइली, सारे एका बंद पेटीत. पेटी ज्या यंत्रावर उतरेल, तेथे ती सारखीच वागेल.

कल्पना नवी नाही. युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत एखाद्या प्रोग्रामला फाइलींच्या एकाच कोपऱ्यात कोंडण्याची सोय आली होती. २००० मध्ये फ्रीबीएसडीने तिला ‘जेल’ असे समर्पक नाव दिले. लिनक्समध्ये पुढे दोन महत्त्वाच्या गोष्टी आल्या. पहिली ‘नेमस्पेस’ : हिच्यामुळे कोंडलेल्या प्रोग्रामला स्वतःच्याच फाइली, स्वतःचेच जाळे आणि स्वतःचीच कामे दिसतात, शेजारी कोणी राहतो याचा त्याला पत्ता नसतो. दुसरी ‘सीग्रुप’, जी गूगलच्या अभियंत्यांनी सुरू केली आणि २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. कोणी किती मेमरी व किती प्रोसेसर वापरायचा, याचे रेशनकार्ड म्हणजे सीग्रुप. हे सर्व हाताळण्यास किचकट होते. मार्च २०१३ मध्ये डॉटक्लाउड या कंपनीचे सोलोमन हाइक्स यांनी कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे पायथॉन भाषेच्या परिषदेत अवघ्या पाच मिनिटांच्या भाषणात ‘डॉकर’ दाखविले आणि किचकटपणावर झाकण बसले. डॉकर म्हणजे गोदी कामगार. बोधचिन्ह पाठीवर पेट्या वाहणारा देवमासा.

कंटेनर म्हणजे संगणकात दुसरा संगणक नव्हे. आभासी यंत्र, अर्थात व्हर्च्युअल मशिन, हे स्वतःची विहीर असलेल्या स्वतंत्र बंगल्यासारखे : त्याची संपूर्ण कार्यप्रणाली वेगळी. कंटेनर हे एका वाड्यातील बिऱ्हाड होय. दाराला कुलूप आपले, चूल आपली, पण पाया आणि विहीर सामाईक. सामाईक पाया म्हणजे लिनक्सचा कर्नेल. म्हणून बिऱ्हाड क्षणात थाटता येते आणि जागाही कमी लागते; आणि म्हणूनच पायालाच तडा गेला, तर सगळ्याच बिऱ्हाडांना धोका असतो. विंडोजवर डॉकर चालविताना आतून गुपचूप एक छोटे लिनक्स यंत्र उभे केलेले असते, ते याच कारणाने.

यापुढे दोन शब्द नीट वेगळे ठेवावे लागतात : इमेज आणि कंटेनर. चित्रशाळेत गणपतीचा साचा एक असतो आणि त्यातून मूर्ती कितीही निघतात. इमेज हा साचा. त्यातून निघून प्रत्यक्ष चालू लागलेली मूर्ती म्हणजे कंटेनर. साच्याला कोणी हळदकुंकू वाहत नाही. मूर्तीवर जे चढते ते मूर्तीपुरतेच असते. आणि मूर्ती विसर्जनासाठीच असते. खेळाची नवी आवृत्ती आली, की चालू कंटेनरची डागडुजी करीत बसायचे नाही. तो विसर्जित करायचा आणि नव्या साच्यातून नवा काढायचा, अशीच या तंत्राची रीत आहे.

विसर्जनापूर्वी दागिने उतरवून घ्यायचे असतात. ते मी विसरलो.

दीपस्तंभ गेला त्याची गोष्ट

जूनच्या पहिल्या आठवड्यात नवी आवृत्ती आली आणि मुलांचे प्रोग्राम आपोआप अद्ययावत झाले. जुन्या सर्व्हरशी ते जुळेनात. मी एका लेखातील पायऱ्या पाहून स्वतःच बांधलेली इमेज नव्याने बांधली, जुना कंटेनर काढून टाकला आणि नवा सुरू केला. सगळे मिळून एका मिनिटाचे काम. सर्व्हर निमूटपणे चालू झाला. संध्याकाळी भाचा आत गेला, आणि थोड्या वेळाने येऊन म्हणाला, “मामा, इथे नुसते गवत आहे.”

घडले ते असे. चालू कंटेनरला लिहावयास एक पातळ थर दिलेला असतो. वेगळे काही सांगितले नाही, तर खेळाचे सारे जग त्या थरात लिहिले जाते. कंटेनर थांबविला आणि पुन्हा चालू केला तर थर टिकतो. म्हणून तीन आठवडे मला काहीच शंका आली नाही. कंटेनर काढून टाकला, की थरही जातो. तो कोठल्याही कचरापेटीत जात नाही. सर्व्हरला जगाची फाइल सापडली नाही, तेव्हा त्याने नियमाप्रमाणे नवे जग निर्माण केले. त्याच्या दृष्टीने चूक काहीच नव्हती.

उपाय एका ओळीचा आहे. कंटेनर सुरू करताना त्यातील जगाची फाइल ज्या फोल्डरात राहते, तो फोल्डर बाहेरच्या डिस्कवरील एखाद्या फोल्डराशी किंवा डॉकर सांभाळतो त्या ‘व्हॉल्यूम’शी जोडून द्यायचा. मग मूर्ती बदलत राहते, दागिने कपाटात राहतात. माइनक्राफ्टसाठी ‘आयटीझेडजी’ या नावाची इमेज सर्वाधिक रूढ आहे. तिच्यात हा फोल्डर ‘डेटा’ या नावाने आधीच नेमून दिलेला आहे. तेथे जोडणी करण्यास विसरले, तरी डॉकर एक बिननावी व्हॉल्यूम तयार करतो आणि कंटेनर काढल्यावरही तो बहुधा मागे उरतो. त्याला चौसष्ट अक्षरांचे निरर्थक नाव असते, तरी शोधून काढता येतो. मात्र डॉकरमध्ये जागा मोकळी करण्यासाठी ‘प्रून’ नावाची झाडू आहे आणि अलीकडच्या आवृत्त्यांत व्हॉल्यूम झाडताना ती नेमके हे बिननावी व्हॉल्यूमच काढून टाकते. तेव्हा व्हॉल्यूमला नाव द्यावे. बारशाचा कंटाळा येथे महागात पडतो.

दुसरे, इमेजपुढे आवृत्तीचा नेमका क्रमांक लिहावा. ‘लेटेस्ट’ असे मोघम लिहिले, की कधीतरी नकळत नवी आवृत्ती उतरते, ती जुने जग उघडून आपल्या पद्धतीने लिहून ठेवते आणि ते जग पुन्हा जुन्या आवृत्तीत सुरक्षितपणे नेता येत नाही.

नुसती बाहेरची डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हेही सांगणे भाग आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ‘रस्ट’ या खेळाचे युरोपातील २५ सर्व्हर त्यात गेले आणि त्यांवरील माहिती परत मिळविता येणार नाही, असे तो खेळ बनविणाऱ्या फेसपंचने जाहीर केले. आमच्याकडे आगीपेक्षा पावसाळ्यात वीज येता-जाता डिस्क बिघडण्याचा संभव अधिक, परिणाम एकच.

बॅकअप घेताना एक खुबी आहे. सर्व्हर लिहीत असताना फाइलींची नक्कल केली, तर अर्धे पान जुने आणि अर्धे नवे अशी प्रत हाती येते. म्हणून सर्व्हरला आधी लिहिणे थांबविण्यास सांगायचे, मनात असलेले सगळे डिस्कवर उतरविण्यास सांगायचे, मग नक्कल घ्यायची, आणि पुन्हा लिहिण्यास मोकळे करायचे. यासाठी ‘सेव्ह-ऑफ’, ‘सेव्ह-ऑल फ्लश’ आणि ‘सेव्ह-ऑन’ असे तीन आदेश खेळातच आहेत. शेवटचा विसरला, तर सर्व्हर दिवसभर चालूनही काहीच जपून ठेवीत नाही.

दहा सेकंदांची मुदत

कंटेनर थांबवितानाही जग बिघडू शकते. डॉकरला थांबण्याचा आदेश दिला, की तो आतील पहिल्या क्रमांकाच्या प्रोग्रामला ‘आवरा’ असा संकेत देतो, दहा सेकंद वाट पाहतो आणि मग जागच्या जागी मारतो. माइनक्राफ्टचा सर्व्हर संकेत मिळताच जग लिहून मगच निघतो. तो तसा सभ्य आहे. पण इमेज निष्काळजीपणे बांधलेली असेल, तर पहिला क्रमांक सर्व्हरचा नसतो; त्याला सुरू करणाऱ्या एका लहानशा स्क्रिप्टचा असतो. ती संकेत ऐकते आणि पुढे कळवीतच नाही. आत सर्व्हर निश्चिंत खेळत असतो आणि दहाव्या सेकंदाला दिवे जातात. मधूनमधून आपोआप जपणूक होत असल्याने गेल्या काही मिनिटांचेच काम जाते, हे खरे. परंतु नेमक्या त्याच मिनिटांत कोणीतरी काहीतरी बांधलेले असते. जग मोठे असेल तर दहा सेकंद तसेही अपुरे पडतात; ही मुदत एक मिनिटापर्यंत वाढवून ठेवावी.

वीज गेल्यावर यातले काहीच लागू पडत नाही. लॅपटॉपची बॅटरी किंवा साधा यूपीएस हाच तेथे उपाय. वीज आल्यावर कंटेनर स्वतः सुरू व्हावा, यासाठी पुनरारंभाचा नियम ‘अनलेस स्टॉप्ड’ असा ठेवता येतो. म्हणजे आपण मुद्दाम बंद केलेला सोडून इतर वेळी तो उठून उभा राहतो.

मेमरीच्या रेशनकार्डातही एक खड्डा आहे. जावा प्रोग्रामला दिलेली मेमरी आणि कंटेनरला दिलेली मेमरी या दोन वेगळ्या गोष्टी. कंटेनरला दोन जीबी दिले आणि जावालाही दोन जीबीची मुभा दिली, तर जावाचा स्वतःचा वरखर्च कोठून निघणार? मर्यादा ओलांडताच कर्नेल त्याला तत्काळ ठार करतो आणि मागे १३७ हा क्रमांक उरतो. कारण न कळता सर्व्हर पुनःपुन्हा पडत असेल आणि हा क्रमांक दिसत असेल, तर प्रथम मेमरीकडेच पाहावे. कंटेनरची मर्यादा जावाच्या मर्यादेपेक्षा निदान एक जीबीने जास्त असावी. पाच-सहा मुलांच्या साध्या जगाला जावासाठी दोन ते तीन जीबी पुरतात.

प्रोसेसरवरील मर्यादेचा त्रास अधिक छुपा आहे. सीग्रुप प्रोसेसरचा वाटा साधारणपणे १०० मिलिसेकंदांच्या हप्त्यांत मोजतो. एका गाभ्याचा वाटा दिला असेल आणि जावाची सफाई करणारे धागे एकदम तीन-चार गाभ्यांवर धावले, तर हप्त्याचा शिधा पहिल्या २५-३० मिलिसेकंदांतच संपतो. उरलेला वेळ सगळा कंटेनर गोठलेला. पंचाला ५० मिलिसेकंदांनी डोळे उघडायचे असतात, हे येथे आठवावे. संगणक मोकळा दिसतो, सरासरी वापर कमी दिसतो, तरी मुले ‘अडकते’ म्हणून ओरडतात. घरगुती सर्व्हरला प्रोसेसरची कठोर मर्यादा न घालणे बरे.

दार कोणासाठी उघडे?

आतापर्यंतची चिंता जगाची होती. पालकांची खरी चिंता मुलांची असते, आणि तीच योग्य आहे.

बाहेरून आत येण्यासाठी कंटेनरचे एक दार, म्हणजे पोर्ट, उघडावे लागते. संगणकावरील जावा आवृत्तीचे दार २५५६५; मोबाइल व टॅबवरील बेडरॉक आवृत्तीचे १९१३२. या दोन आवृत्त्या एकमेकींशी बोलत नाहीत. मोबाइलवरील मुलाला संगणकावरील मुलांत सामील व्हायचे असेल, तर ‘गेझर’ नावाचा दुभाषी मध्ये बसवावा लागतो. बेडरॉकचे दार यूडीपी प्रकारचे असते, आणि डॉकर न सांगता टीसीपी गृहीत धरतो. माझी एक पूर्ण संध्याकाळ या तीन अक्षरांत गेली.

अनेक घरांत तर दार उघडूनही कोणी येऊ शकत नाही. पत्त्यांच्या टंचाईमुळे इंटरनेट पुरवठादार पुष्कळ ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवितात. राउटरमध्ये दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर आपण अशा सामाईक पत्त्यामागे आहोत असे समजावे. मग दोन मार्ग उरतात : मुंबईतील डेटा सेंटरमध्ये छोटे यंत्र भाड्याने घेणे, किंवा या पाच घरांपुरते खासगी जाळे उभारणे. खासगी जाळ्यात प्रत्येक मुलाच्या यंत्रावर एक जादा प्रोग्राम घालावा लागतो, पण सर्व्हर जगाला दिसतच नाही. लहान मुलांसाठी मी हाच मार्ग सुचवीन.

जगाला दिसण्यात काय वावगे, असे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या पाच मुलांचा पत्ता कोणाला ठाऊक? परंतु इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत आणि चांगली जोडणी असेल तर त्या सगळ्यांचे एक दार तासाभरात ठोठावून पाहता येते. उघडे खेळ-सर्व्हर हुडकीत फिरणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात. कोणी आत येऊन बांधलेले जाळून जातो. कोणी मुलांशी गप्पा मारू लागतो, ते अधिक वाईट.

त्यासाठी दोन खिट्ट्या घालाव्यात. ‘व्हाइटलिस्ट’ चालू करून पाच नावे लिहावीत. सहावा आत येणार नाही. आणि ‘ऑनलाइन मोड’ चालूच ठेवावा. फुकट मिळविलेल्या प्रतीवरून खेळणाऱ्या एखाद्या मित्रासाठी तो बंद करण्याचा आग्रह होतो. तो बंद केला, की खाते खरे की खोटे हे तपासले जात नाही. कोणीही कोणाचेही नाव घेऊन, अगदी व्यवस्थापकाचे नाव घेऊन, आत येऊ शकतो. मग व्हाइटलिस्टलाही अर्थ राहत नाही. दुरून आदेश देण्याचे २५५७५ हे दार तर बाहेर मुळीच उघडू नये. लिनक्सवर ‘यूएफडब्ल्यू’ ही अग्निभिंत लावली आहे, म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनीही जपावे : डॉकरने उघडलेली दारे तिच्या नियमांना वळसा घालून जातात.

आणि कंटेनर म्हणजे तिजोरी नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये जावा प्रोग्रामांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘लॉगफोरजे’ या नोंदी ठेवणाऱ्या भागात भयंकर छिद्र आढळले. त्याचा बोभाटा प्रथम माइनक्राफ्टच्या सर्व्हरांवरून झाला. खेळातील गप्पांच्या चौकटीत एक विशिष्ट ओळ टाकली, की सर्व्हर ती नोंदविताना परक्याचा प्रोग्राम आणून चालवीत असे. खेळाडूंच्या संगणकांनाही तोच धोका होता. १० डिसेंबरला १.१८.१ ही दुरुस्त आवृत्ती आली. कंटेनरमध्ये असलेला सर्व्हरही असा फोडता येत होता. फरक इतकाच, की आत शिरलेल्याला प्रथम ते बिऱ्हाड दिसे, सगळा वाडा नव्हे. हा फरक टिकवायचा असेल, तर कंटेनरला सर्वाधिकारी म्हणून चालवू नये, घरचे फोल्डर त्याला जोडू नयेत, आणि डॉकरचे स्वतःचे नियंत्रण त्याच्या हाती कदापि देऊ नये. ज्या आवृत्तीला आता दुरुस्त्या मिळत नाहीत, ती आवृत्ती, म्हापशाच्या मुलांची कितीही लाडकी असली तरी, खासगी जाळ्याबाहेर ठेवू नये. मुलांच्या खेळाला इतके कोण जपतो, असे म्हणणाऱ्यांसाठी सांगतो : २०१६ मध्ये ‘मिराय’ या नावाने घराघरांतील कॅमेरे व राउटर ताब्यात घेऊन मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडणाऱ्या टोळीचे मूळ माइनक्राफ्ट सर्व्हर चालविणाऱ्यांच्या आपसांतील स्पर्धेतच होते.

व्यावसायिक खेळांत हेच तंत्र हजारोंच्या संख्येने वापरले जाते. तेथे एक सामना संपला, की कंटेनर संपतो आणि पुढच्या सामन्याला नवा निघतो. सामना चालू असताना कंटेनर हलवायचा नाही, ही अट सामान्य संकेतस्थळांना नसते. ती सांभाळण्यासाठी गूगल व युबिसॉफ्ट यांनी २०१८ मध्ये ‘अगोनेस’ ही मुक्त प्रणाली पुढे आणली. आपल्या पाच मुलांना त्याची गरज नाही.

आमच्या दीपस्तंभाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. भाच्याच्या लॅपटॉपवर मे महिन्यातील मूळ प्रत पडून होती; तिच्यात स्तंभ तिसऱ्या मजल्यापर्यंत आला होता आणि कुळागर मुळीच नव्हते. सावंतवाडीच्या मुलाने दोन दिवस कोणाशी बोलणे टाकले, कारण कुळागर त्याचे होते. त्यानंतर मी डेटाच्या फोल्डरला नाव दिले, रोज पहाटे चार वाजता नक्कल घेण्याची व्यवस्था केली आणि तिची एक प्रत दुसऱ्या घरातील डिस्कवर जाईल असे पाहिले. भाच्याने त्यावर एकच अट घातली : दर रविवारी आदल्या रात्रीच्या नकलेवरून दुसरा, तात्पुरता कंटेनर उभा करायचा, त्याने स्वतः आत जाऊन दीपस्तंभाचे मजले मोजायचे, आणि मगच तो तात्पुरता कंटेनर काढून टाकायचा. गेल्या रविवारी मजले सहा भरले.